प्रा. पां. वा. सुखात्मे : जेवणाचा हिशेब मांडणारे संख्याशास्त्रज्ञ



दर अंकात एका थोर व्यक्तीचा परिचय करून द्यावा ही आपल्या वार्तापत्राची रीत आहे. संत, क्रांतिकारक, समाजसुधारक यांच्यावर आजवर पुष्कळ लिहून झाले. या वेळी आम्ही एका संख्याशास्त्रज्ञाची निवड केली आहे, आणि त्याला आपल्याच विद्यालयात घडलेला एक प्रसंग कारण झाला. तो आधी सांगतो.

वार्षिक परीक्षेपूर्वी आमच्या शिक्षकांनी आठवी ते बारावीच्या मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. आज सकाळी घरून काय खाऊन आलात, मधल्या सुट्टीत काय खाल्ले, परीक्षेचे दडपण किती वाटते, झोप नीट लागते का, असे साधेच प्रश्न होते. कागद एकत्र केले तेव्हा एक गोष्ट उठून दिसली. दडपण फार आहे असे ज्यांनी लिहिले, त्यांच्यातले पुष्कळ जण सकाळी उपाशीपोटी आले होते आणि मधल्या सुट्टीत फाटकाबाहेरची चटपटीत पाकिटे खाऊन भूक भागवत होते. बैठकीत लगेच निकाल लागला. पोट रिकामे म्हणून मन अस्वस्थ. सकाळचा नाश्ता सुरू करा, पाकिटे बंद करा, दडपण आपोआप जाईल. आम्हीही मान डोलावली.

तेवढ्यात एका पालक मातेने सांगितले की, त्यांच्या मुलीला परीक्षेच्या धास्तीने घासच उतरत नाही, ताटात वाढलेले तसेच राहते. म्हणजे त्यांच्या घरी आधी धास्ती, मग उपास. विज्ञानाच्या सरांनी तिसरेच काढले. दूरच्या फाल्यांवरून येणारी मुले अंधारात घर सोडतात, आईवडील मजुरीसाठी त्यांच्याही आधी निघालेले असतात. अशा मुलाला सकाळी खायलाही वेळ नाही आणि रात्री अभ्यासालाही नाही. दडपण आणि उपास ही दोन्ही त्या एकाच ओढाताणीची लेकरे. गंमत अशी की तिघांचेही म्हणणे त्याच कागदांत चपखल बसत होते. सूचनाफलकासाठी लिहिलेला कागद आम्ही घडी घालून खिशात ठेवला.

त्या रात्री आम्हाला प्रा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची आठवण झाली. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हा विषय आम्ही सांख्यिकी या नावाने शिकलो. मराठीत त्याला संख्याशास्त्र म्हणतात हे फार उशिरा कळले, आणि या विषयातले जगन्मान्य नाव आपल्या सातारकडचे आहे हे त्याहून उशिरा. (आमच्या मराठीत कुठे हिंदी डोकावली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन ते १९३२ मध्ये पदवीधर झाले आणि १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. त्या दिवसांत आधुनिक संख्याशास्त्राचा मोठा भाग त्या एका महाविद्यालयात घडत होता. एगॉन पिअर्सन, येर्झी नेमन आणि रोनाल्ड फिशर ही तिन्ही दिग्गज मंडळी तिथे होती, आणि त्यांचे आपसांत फारसे पटत नव्हते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती पर्वणीच म्हणायची.

यातल्या फिशर यांची एक गोष्ट इथे सांगणे जरूर आहे. पुढच्या सगळ्या हकिगतीला ती लागते. फिशर यांनी लंडनला येण्यापूर्वी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात बरीच वर्षे काम केले होते. एखाद्या शेतात खत टाकले आणि पीक जास्त आले, एवढ्यावरून तो खताचा गुण असे म्हणता येत नाही. शेतकऱ्याने मुळात चांगल्या जमिनीलाच खत दिले असेल, किंवा जो खत विकत घेऊ शकतो त्याच्याकडे पाणीही असेल. म्हणून शेताचे तुकडे पाडावेत आणि कोणत्या तुकड्याला खत द्यायचे ते नशिबावर, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चिठ्ठीला काळी जमीन आणि बरड जमीन यातला भेद कळत नाही, ती कोणाची भीड धरत नाही. एवढे केल्यावर मोठा फरक पडला, तर तो खतामुळे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. नुसती पाहणी आणि प्रयोग यांत हाच फरक आहे. पाहणीत दोन गोष्टी बरोबर चालताना दिसतात; कोण कोणाला ओढत आहे ते दिसत नाही.

१९३६ मध्ये सुखात्मे यांना पीएच.डी. मिळाली आणि १९३९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एससी. परत आल्यावर बनारस हिंदू विश्वविद्यालयात नोकरीच्या निमित्ताने त्यांची भेट पंडित मदनमोहन मालवीय यांच्याशी झाली. तुमच्या या गणिताचा देशातल्या गरिबाला उपयोग काय, अशा अर्थाचा प्रश्न मालवीयजींनी विचारला आणि या विद्वान तरुणाला समाधानकारक उत्तर देता आले नाही, असे सांगितले जाते. पुढचे आयुष्य पाहिले तर हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला असावा असे आम्हाला वाटते.

काही काळ कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत शिकवून १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्या वेळी देशात किती धान्य पिकते हे कसे ठरत असे? आपल्या घरातील वृद्धांना आणेवारी हा शब्द ठाऊक असेल. गावचा अधिकारी शिवारावर नजर टाकून यंदा पीक इतके आणे असा अंदाज द्यायचा आणि त्यावर दुष्काळाचा, सारामाफीचा, धान्यवाटपाचा निर्णय व्हायचा. सुखात्मे यांनी नजरेऐवजी विळा आणि तराजू आणला. गावे चिठ्ठी पद्धतीने निवडायची, गावातले शेत तसेच निवडायचे, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे. आजही ज्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात तो हाच. या कामात त्यांचे जोडीदार होते विनायक गोविंद पानसे. हे पानसे आपल्या इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसावर काम करत. दोघांनी मिळून शेतीसंशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि कृषी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या वापरले गेले. निमाडातल्या कापूस पिकवणाऱ्या घरांना या नावाचे अगत्य वाटायला हरकत नाही.

याच काळातला एक वाद मुलांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस कापणीसाठी अगदी लहान तुकडे घेत असत. लहान तुकड्यात काम झटपट होते, खर्च कमी येतो. सुखात्मे यांनी उत्तर प्रदेशात मुरादाबादकडे गव्हाच्या शेतात लहान आणि मोठे तुकडे शेजारी कापून पाहिले, तेव्हा लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त निघाले. कारण अगदी साधे होते. आखलेल्या रेघेवर जे रोप येते ते आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने रेघ मोठी, म्हणून चूकही मोठी. हे निरीक्षण १९४६ मध्ये इंग्लंडच्या नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोणी खोटे बोलत नव्हते, कोणी आळशी नव्हते. मोजण्याच्या पद्धतीतच चूक दडलेली होती. आपल्या प्रश्नावलीतही अशी एक रेघ होती. काल काय खाल्ले आणि मनावर ताण किती, हे दोन्ही आपण त्याच मुलाला, त्याच क्षणी, परीक्षेच्या तोंडावर विचारले. घाबरलेल्या मुलाला कालचा दिवस वाईटच आठवणार.

१९५१ मध्ये सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून गेले आणि जवळजवळ २० वर्षे तिथे राहिले. शेतातल्या पिकाकडून आता ते ताटातल्या अन्नाकडे वळले. या संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर, ज्यांना १९४९ चे शांततेचे नोबेल मिळाले, त्यांनी जगातील दोन तृतीयांश माणसे भुकेली आहेत असे सांगितले होते. हा आकडा जगभर गाजला. एवढ्या मोठ्या माणसाचा आकडा, शिवाय हेतू चांगला. सुखात्मे यांनी निरनिराळ्या देशांतल्या आहार पाहण्या तपासल्या आणि १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे आपला हिशेब मांडला. पोटभर अन्न न मिळणारे लोक १० ते १५ टक्के. ज्यांचे पोट भरते पण आहार निकस आहे असे लोक धरले तर संख्या निम्म्यापर्यंत जाईल. भूक आणि निकस आहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोघींचे औषध वेगळे, हे त्यांचे म्हणणे होते. १९६३ मध्ये त्या सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिले.

नंतर आला प्रथिनांचा प्रश्न. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी प्रथिनांच्या येऊ घातलेल्या संकटावर अहवाल काढला. गरीब देशांतल्या मुलांच्या आहारात प्रथिने कमी, मुले खुरटलेली, म्हणून प्रथिनांची कमतरता हेच कारण, असा तो विचार. उपाय म्हणून प्रथिनयुक्त पिठे, बिस्किटे, भुकट्या यांच्या योजना निघाल्या. सुखात्मे यांनी भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे वेगळ्या तऱ्हेने लावले. प्रत्येक कुटुंबाला उष्मांक पुरतात का आणि प्रथिने पुरतात का, असे दोन्ही प्रश्न एकदम विचारले. ज्यांना भाकरी-डाळ-भात पोटभर मिळत होते त्यांच्यात प्रथिनांची वाण क्वचितच होती. प्रथिने कमी पडत होती ती मुख्यतः त्यांना, ज्यांना मुळात अन्नच कमी पडत होते. चुलीतले सरपण संपले की माणूस दारखिडक्या मोडून जाळतो, तसे शरीर उष्मांक कमी पडले की प्रथिने जाळते. अशा घरात नवी दारे देऊन काय होणार, तीही चुलीतच जायची. कसाव्यासारख्या कंदावर जगणाऱ्या प्रदेशांची गोष्ट वेगळी, पण धान्य आणि डाळ खाणाऱ्या देशात महागड्या भुकटीपेक्षा पोटभर जेवण आधी, हा निष्कर्ष पुढे बहुतेकांनी मानला. त्याच पाहण्या, तेच आकडे. कारण मात्र दुसरे निघाले.

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. रोमहून परतल्यावर ते पुण्यात राहिले. निवृत्त माणसाने आराम करावा, पण सुखात्मे यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाद अजून व्हायचा होता. त्याच १९७१ मध्ये पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही त्यांनी किमान पातळी धरली आणि १९६०-६१ च्या आकड्यांवरून खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक त्याखाली आहेत असे दाखवले. सुखात्मे यांचा आक्षेप अशा मोजणीला होता. सरासरी गरज ही समूहाची असते. एकच निरोगी माणूस आज कमी खातो, उद्या जास्त खातो आणि तरी त्याचे वजन व काम तसेच राहते. मग पाहणीच्या दिवशी सरासरीच्या खाली दिसला म्हणून त्याला कुपोषित ठरवायचे?

या विचाराला त्यांनी कॅलिफोर्नियाचे आहारतज्ज्ञ शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर सिद्धांताचे रूप दिले. आधाराला ब्रिटिश सैन्यात नव्याने भरती झालेल्या जवानांच्या आहाराच्या नोंदीही होत्या. एकाच माणसाच्या खाण्यात सुमारे १५ टक्क्यांचे प्रमाण विचलन आढळते, असा त्यांचा हिशेब होता. गणिताच्या मुलांनी करून पाहावे : दोन विचलने म्हणजे ३० टक्के, तेव्हा सरासरी गरज २३०० धरली तर खरी धोक्याची रेघ साधारण १६०० वर येते. शरीर या मर्यादेत स्वतःचा खर्च आपणच जुळवून घेते, असे त्यांनी मांडले. रेघ खाली सरकली की देशातल्या भुकेल्यांची संख्याही एकदम कमी होते. तेव्हा हा वाद शास्त्रापुरता राहिला नाही. १९८१-८२ मध्ये मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या साप्ताहिकात सुखात्मे आणि दांडेकर यांची मोठी जुंपली, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांनीही सुखात्मे यांना कडाडून विरोध केला.

इथे आम्हाला सुखात्मे यांच्याबद्दल आदर ठेवूनही विरोधकांची बाजू अधिक पटते. छावणीत पोटभर जेवणारा तरुण जवान एक आठवडा कमी खातो, दुसऱ्या आठवड्यात भरून काढतो. बारा महिने कमी खाणाऱ्या शेतमजुराचे तसे नाही. तो कमी खाऊन उभा आहे हे खरे, पण शरीर हुशारीने खर्च जुळवते म्हणून उभा आहे, की काम कमी करतो, बसून राहतो, मुले उंचीला कमी राहतात, म्हणून हिशेब जुळतो? खाणे आणि खर्च यांची तोंडमिळवणी झाली एवढेच पाहणी सांगते. ती कोणत्या किमतीवर झाली ते सांगत नाही. ज्या माणसाने जन्मभर इतरांना आकड्यांतून घाईने कारण काढू नका असे शिकवले, त्यांच्या हातून शेवटी तीच घाई झाली असे आमचे मत आहे. १९८५ मध्ये जागतिक संघटनांच्या तज्ज्ञांचा अहवाल निघाला. त्यात माणसाची उष्मांकांची गरज तो किती खातो यावरून न ठरवता शरीराचा खर्च किती होतो यावरून ठरवावी, हे तत्त्व स्वीकारले गेले.

पण त्याच काळात सुखात्मे आणखी एक गोष्ट सांगत होते, तिच्याकडे वादाच्या धुरळ्यात कमी लक्ष गेले. मूल खुरटलेले दिसले की ताट कमी पडले असे आपण धरून चालतो. घाण पाण्याने मुलाला वारंवार हगवण होत असेल, तर खाल्लेले अंगी लागत नाही आणि भूकही मरते. तिथे ताट वाढवून उपयोग नाही, आधी पिण्याचे पाणी स्वच्छ हवे, संडास हवा. ज्या गावात अन्न कमी त्याच गावात पाणीही घाण, म्हणून पाहणीत दोन्ही एकत्र दिसतात आणि दोष एकट्या ताटावर येतो. विज्ञानाच्या सरांनी बैठकीत काढलेला मुद्दा याच जातीचा होता.

मग कारण कळायचे तरी कसे? भूक आणि मन यांच्याबाबत एकदा खरा प्रयोग झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या स्वतःच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरले. त्याबरोबर ते चिडचिडे, उदास झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. इथे आधी अन्न कमी केले आणि मग मन बिघडले, क्रम हातात होता. म्हणून दीर्घ उपासमारीने मन खचते हे ठामपणे म्हणता येते. परंतु एक सकाळ न खाता आलेल्या मुलाबद्दल तो प्रयोग काही सांगत नाही, आणि परीक्षेच्या धास्तीने न जेवणाऱ्या मुलीबद्दलही नाही. ताणाखाली कोणी जेवण सोडतो, कोणी उलट सारखे खात सुटतो, हे तर घरोघरी दिसते.

प्रा. सुखात्मे यांचे निधन २८ जानेवारी १९९७ रोजी झाले. केंद्र शासनाने पुढे त्यांच्या नावे संख्याशास्त्रातील राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

आता आपल्या विद्यालयाविषयी. विश्वस्त मंडळाने सकाळच्या नाश्त्यासाठी जी रक्कम मंजूर केली आहे ती सर्व वर्गांना एकदम पुरणारी नाही. तेव्हा आमची विनंती मान्य होऊन असे ठरले आहे की, पहिल्या महिन्यात निम्म्या तुकड्यांना प्रार्थनेआधी पोहे किंवा चणे-गूळ मिळेल आणि दुसऱ्या महिन्यात उरलेल्या तुकड्यांना. कोणावरही अन्याय होणार नाही, फक्त पाळी मागेपुढे. दोन्ही महिने सर्व मुलांनी एक छोटी वही ठेवायची आहे. तिच्यात रोज झोपेतून उठण्याची वेळ, घरून निघण्याची वेळ, काय खाल्ले आणि मनाला कसे वाटले एवढेच, त्याच दिवशी लिहावे. वहीवर नाव घालू नये, वर्गशिक्षक क्रमांक देतील. ज्या पालकांची संमती नसेल त्यांनी तसे कळवावे, त्यांच्या पाल्याला वही ठेवावी लागणार नाही, नाश्ता मात्र मिळेल. कोणत्या तुकड्या आधी, ते आम्ही ठरवणार नाही. येत्या सोमवारी प्रार्थनेनंतर मैदानावर सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकल्या जातील आणि त्या पहिलीच्या वर्गातले एखादे मूल उचलेल.